मंडळी गात नसेल, तर संगीत सेवेने सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मंडळीच्या, म्हणजे चर्चमध्ये उपासनेला जमणाऱ्या समुदायाच्या, संगीत सेवेची जबाबदारी नव्याने अंगावर आली आहे. गाणारे आहेत, वाजवणारे आहेत, माइक आणि स्पीकरही चांगले आहेत. पण उपासनेत लोक ओठ मिटून उभे राहतात. ज्येष्ठांना जुनी गीते हवीत, तरुणांना नवी. पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, वाटते की गाण्यात फार वेळ जातो. गटातला एकजण मनापासून गातो पण सुरात नसतो, त्याला काय सांगावे ते सुचत नाही. सराव कसा घ्यावा, हेही विचारले आहे.

मी आयुष्याचा मोठा भाग गायनवृंद चालवण्यात घालवला आहे, म्हणून माझे मत आधीच सांगून टाकते. मंडळीचा खरा गायनवृंद बाकांवर बसलेला असतो. पुढे माइकसमोर उभा असलेला गट त्याच्या मदतीला असतो. पट्टी कोणती घ्यायची, म्हणजे गीत किती उंच सुरात बसवायचे, आवाज किती ठेवायचा, कोणते गीत निवडायचे, सरावात वेळ कशावर घालवायचा, असा कुठलाही प्रश्न आला की मी एवढेच विचारते: याने शेवटच्या बाकावरचा माणूस गाऊ लागेल का? उत्तर ‘नाही’ आले, तर ती गोष्ट कितीही सुंदर असली तरी उपासनेत मी तिला मागे ठेवते.

लोकांच्या तोंडचे गाणे सुटणे हे काही आजचे दुखणे नाही. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या लावदिकियाच्या धर्मसभेने नियम केला, की उपासनेत नेमलेल्या गायकांखेरीज इतर कोणी गाणे चालवू नये. हेतू शिस्तीचाच असणार, पण पुढची कित्येक शतके पश्चिमेकडच्या मंडळ्यांत सामान्य माणूस मुख्यतः ऐकणाराच राहिला. १५२४ मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या वर्तुळातून लोकभाषेतल्या गीतांची पहिली छोटी पुस्तिका निघाली. तिच्यात आठच गीते होती आणि त्यांतली चार लूथरची होती. त्याच वर्षी त्याचा सहकारी संगीतकार योहान वाल्टरने शाळेतल्या मुलांसाठी अनेक आवाजांत बांधलेले गायनाचे पुस्तकही आले. मला या दोन्ही गोष्टी एकत्र पाहायला आवडतात. एकीकडे साधी चाल सर्वांच्या तोंडी, दुसरीकडे तीच चाल नीट शिकलेला एक गट, जो बाकीच्यांना धरून ठेवतो. जिनिव्हात दुसरा धर्मसुधारक कॅल्व्हिन याने आणखी कडक वाट धरली: फक्त बायबलातली स्तोत्रे, एकाच सुरात, वाद्यांविना. १५६२ मध्ये तिथे सर्व १५० स्तोत्रे छंदोबद्ध होऊन छापली गेली. रोमन कॅथलिक मंडळीत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला, आणि त्यात लोकांच्या सक्रिय सहभागावर ठळक भर दिला. परंपरा वेगवेगळ्या आहेत, पण सगळ्यांना पुन्हा त्याच जागी यावे लागले. तुमच्या मंडळीत जे चालले आहे ते दुरुस्त होण्यासारखे आहे, एवढा धीर यातून नक्की घ्या.

आता कारणांकडे येऊ. लोक गात नाहीत असे दिसले की आपण लगेच त्यांच्या भक्तीवर बोट ठेवतो. माझ्या अनुभवात पहिले कारण भक्तीचे नसते, पट्टीचे असते.

आजची बरीच गीते आपण रेकॉर्डिंगवरून शिकतो. रेकॉर्डिंगमधला गायक कसलेला, बहुधा उंच आवाजाचा पुरुष असतो, आणि त्याचा आवाज जिथे खुलतो तिथे ते गीत बसवलेले असते. आपण तीच पट्टी जशीच्या तशी उचलतो. मग ध्रुवपद आले की सामान्य पुरुषांचा गळा ताणला जातो. स्त्रियांना वरच्या सप्तकात ते झेपत नाही आणि खालच्या सप्तकात आवाज पोहोचत नाही. माणूस एकदा प्रयत्न करतो, आवाज फाटतो, शेजारचा वळून बघतो, आणि पुढच्या रविवारपासून तो ओठ हलवून वेळ मारून नेतो. साधारण माणसाला आरामात गाता येणारा पल्ला फार तर एक सप्तक आणि वर दोनतीन सूर एवढाच असतो. कीबोर्डच्या भाषेत सांगायचे तर मधल्या ‘सी’च्या थोडे खालून सुरू होऊन वरच्या ‘डी’पर्यंत. पुरुष हेच एक सप्तक खाली गातात. वरचा ‘ई’ क्षणभर लागला तर चालतो, पण त्यावर मुक्काम नको. गीत हातात घेतले की मी आधी त्यातला सर्वांत उंच आणि सर्वांत खालचा सूर शोधते, आणि उंच सूर ‘डी’वर येईल अशी पट्टी लावून बघते. पुष्कळ लोकप्रिय गीतांना दोन ते चार पट्ट्या खाली आणावे लागते. शिवाय सकाळच्या उपासनेत गळे अजून जागे झालेले नसतात. पहिले गीत त्याहूनही अर्धा सूर खाली घेतले तरी कोणाचे काही बिघडत नाही.

गिटारवाल्याला ती पट्टी सोयीची नसते, मुख्य गायकाला ती बेचव वाटते, ‘गाण्यात मजा येत नाही’ असे तो म्हणतो. त्याचे म्हणणे खोटे नाही. तरीही पट्टी मंडळीची. यावर मी तडजोड करत नाही, आणि तुम्हीही करू नका.

दुसरे कारण आवाजाच्या पातळीचे. माणूस तेव्हाच मोकळेपणी गातो जेव्हा त्याला शेजाऱ्याचा आवाज ऐकू येतो, आणि आपला आवाज त्यात मिसळतो आहे हे जाणवते. स्वतःचा आवाज अजिबात ऐकू येत नसेल तर गाणे निरर्थक वाटते, आणि फक्त स्वतःचाच ऐकू येत असेल तर लाज वाटते. स्पीकर मोठा लावला की पहिली अवस्था होते. जाड गालिचे, पडदे, गाद्या यांनी आवाज शोषून घेणाऱ्या सभागृहात दुसरी. ज्या इमारतीत प्रवचन स्वच्छ ऐकू यावे म्हणून सगळा घुमारा मारलेला असतो, तिथे सामूहिक गाणे नेहमी दुबळे वाटते. तिथे लोकांना दोष देण्याआधी त्यांना जवळजवळ बसवून पाहा. विखुरलेली माणसे कधीच गात नाहीत.

मोबाइलवर आवाज मोजण्याची अॅप्स मिळतात. ती अगदी अचूक नसतात, पण अंदाज येतो. कामाच्या जागी कानांसाठी जी मर्यादा बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते ती ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ डेसिबलला एकच तास. उपासनेत तान्ही मुले असतात, श्रवणयंत्र लावणारे आजोबा असतात, हे ध्यानात घेऊनच आवाज ठरवायचा. माझी कसोटी साधी आहे. सरावाच्या वेळी मी सभागृहाच्या मध्यावर उभी राहून साध्या आवाजात गाते. माझा आवाज मला ऐकू आला नाही तर ध्वनीच्या मिक्सरवरच्या भावाला किंवा बहिणीला वाद्ये खाली आणायला सांगते. ढोलके आणि ड्रम आधी, मग बेस, मग बाकीची. त्या मिक्सरवरच्या माणसाला गटाचा पूर्ण सभासद माना. त्याला गीतांची यादी, क्रम, कोण कुठे गाणार हे सगळे आधी मिळाले पाहिजे. त्याला प्रार्थनेत सामील करून घ्या. पुष्कळ ठिकाणी त्याची आठवण फक्त स्पीकरमधून शिट्टी वाजली की होते.

मोठ्या चर्चमध्ये आणखी एक अडचण असते. लोक मागे रेंगाळतात, आणि गट समजतो की त्यांना ताल नाही. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. तीसपस्तीस मीटर मागे बसलेल्या माणसाला तुमचा सूर सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोहोचतो, आणि त्याचा आवाज तुमच्याकडे परत यायला तेवढाच वेळ लागतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गीतात हा फरक ठोक्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा झाला, येण्याजाण्याचा धरला तर दुप्पट. अशा जागी लोकांची वाट बघत बसलात तर गीत दर कडव्याला आणखी संथ होत जाते. लय ठरवा, ठेका स्पष्ट ठेवा, आणि पुढे चला. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याने १७६१ मध्ये गाणाऱ्यांसाठी ज्या सूचना छापल्या त्यांत हेच आहे: पुढे धावू नका, मागे राहू नका, नेतृत्व करणाऱ्या आवाजाकडे लक्ष द्या. सर्वांनी गावे, जोमाने गावे, पण इतरांहून वर आवाज काढू नये, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक शब्द देवाला उद्देशून गावा, असेही तो सांगतो. अडीचशे वर्षांहून जुनी ही शिकवण मी आजही नव्या गायकांना पहिल्या दिवशी सांगते.

तिसरे कारण गटाच्या गाण्याच्या ढंगात असते. बाकावरच्या माणसाला दोन गोष्टी कळाव्या लागतात: कधी सुरू करायचे आणि सूर कुठे जाणार. पहिल्यासाठी सुरुवातीची धून दर वेळी तेवढ्याच लांबीची हवी, आणि प्रत्येक कडव्याच्या आधी गटाने एकत्र, दिसेल असा श्वास घ्यायला हवा. तो श्वास लोक नकळत घेतात आणि बरोबर उचलतात. दोन कडव्यांमधले संगीत एकदा चार मात्रांचे, एकदा आठ, एकदा वादकाला सुचेल तेवढे, असे झाले की लोक चाचरतात. दुसऱ्यासाठी मुख्य गायकाने मूळ चाल सरळ गावी. हरकती, मुरक्या, शब्द मागेपुढे टाकणे, ध्रुवपदाच्या शेवटी वर जाणे, हे सगळे एकट्याच्या गाण्यात शोभते. मंडळी गात असताना ते केले की लोकांच्या पायाखालची पायरी सरकते. एखादे गीत अर्पणाच्या वेळी किंवा प्रभुभोजनाआधी एकट्याने गायचे असेल, तर तिथे जे देवाने दिले आहे ते खुशाल ओता. बाकीच्या वेळी चाल सरळ ठेवा.

एक प्रयोग आवर्जून करा. दर रविवारी एखाद्या कडव्याला सगळी वाद्ये थांबवा आणि गटाने माइकपासून मागे सरकावे. पहिल्या वेळी लोक बिचकतील. तिसऱ्या चौथ्या वेळी त्यांना स्वतःचा एकत्र आवाज ऐकू येईल, आणि मग पुढचे काम निम्म्याने सोपे होते. माझ्या पाहण्यात याच्याइतका लवकर फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

आता जुनी गीते की नवी. हा वाद चाली आणि वाद्यांवरून पेटतो, पण मी त्यात शिरताना आधी शब्दांकडे बघते. कलस्सैकरांस पत्र ३:१६ मध्ये पौल स्तोत्रे, गीते आणि आध्यात्मिक गायने यांच्या द्वारे एकमेकांना शिकवण्याविषयी आणि बोध करण्याविषयी लिहितो. म्हणजे गीत हे शिक्षणही आहे. लोक प्रवचन विसरतात, गीताच्या ओळी म्हातारपणापर्यंत तोंडात राहतात. आपण मंडळीच्या तोंडी जे घालतो तेच तिचा विश्वास घडवते, ही जबाबदारी फार मोठी आहे. म्हणून नवे असो वा जुने, चालीशिवाय नुसते शब्द मोठ्याने वाचा. यात देव कोण आहे, त्याने काय केले, हे काही सांगितले आहे का? की ‘मला असे वाटते’ एवढेच आहे? हे गीत नुकतीच नोकरी गेलेला माणूस प्रामाणिकपणे गाऊ शकेल का? १ करिंथकरांस १४:१५ मध्ये पौल आत्म्याने गाण्याबरोबर बुद्धीनेही गाण्याचे म्हणतो. दोन्ही हवीत. प्राचीन मंडळीचा थोर धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीन यानेही आपल्या आत्मनिवेदनात ही अडचण मोकळेपणाने मांडली आहे: गायिल्या जाणाऱ्या शब्दांपेक्षा नुसत्या गाण्यानेच आपण अधिक हेलावलो, तर ते त्याला पाप वाटते. तरीही तो चर्चमधले गाणे नाकारत नाही. संगीताची ताकद ज्याने ओळखली तोच असा सावध असतो.

या तपासणीत काही लाडकी जुनी गीते पोकळ निघतात आणि काही नवी भक्कम, तसेच उलटही होते. मग वाद वयाचा राहत नाही. 

आणखी एक उणीव जवळजवळ प्रत्येक यादीत सापडते. स्तोत्रसंहितेतली सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. तेरावे स्तोत्र ‘कुठवर?’ असे विचारत सुरू होते. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, त्याला आनंदाचा शेवट नाही. देवाने आपल्या लोकांच्या हाती दिलेल्या गीतसंग्रहात हे आहे. आपल्या याद्यांत मात्र रविवारमागून रविवार आनंद, विजय आणि टाळ्याच असतात. मग ज्याच्या घरी आजारपण आहे तो गप्प उभा राहतो, कारण त्याला गायला आपण काही दिलेलेच नसते. महिन्यातून एकदा तरी दुःखाचे, कबुलीचे, वाट पाहण्याचे गीत घ्या. नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चार रविवार आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस यासाठीच तर ठेवलेले आहेत. पाश्चात्त्य परंपरेत उपवासकाळात ‘हालेलूया’ गाणे थांबवतात आणि पुनरुत्थानाच्या उपासनेत ते परत येते. तुमची मंडळी हे दिवस पाळत नसली तरी यातला विचार घेण्यासारखा आहे. जे काही आठवडे गायले नाही, ते परत आल्यावर लोक उचंबळून गातात.

नवे गीत शिकवायची माझी पद्धत ठरलेली आहे. एका रविवारी एकच नवे गीत, आणि महिन्याला एकापेक्षा जास्त नाही. पहिल्या रविवारी लोक स्थिरस्थावर होत असताना गट ते गातो, लोकांनी फक्त ऐकायचे. दुसऱ्या रविवारी गट एक कडवे गातो, मग सगळे. तिसऱ्या आणि चौथ्या रविवारी सरळ यादीत. मग दोनतीन आठवडे विश्रांती आणि पुन्हा एकदा. हे झाल्यावरही लोकांच्या तोंडी बसले नसेल तर ते गीत सोडून द्या, तुम्हाला कितीही आवडत असले तरी. नव्या गीताच्या आधी आणि नंतर सर्वांना पाठ असलेले गीत ठेवा. वर्षभरात मंडळी जी गीते खरोखर गाते त्यांची नोंद तारखांसह ठेवली तर पुष्कळ भांडणे मिटतात. ‘जुनी गीते घेतच नाही’ असे कोणी म्हणाले की वही दाखवता येते, आणि कधीकधी वही पाहून कळते की त्यांचेच खरे आहे.

छंदाचा एक उपयोग फार थोडे लोक करतात. इंग्रजी स्तोत्रगीतांत ८-६-८-६ अक्षरांच्या ओळींचा छंद इतका रूढ आहे की त्यातले कुठलेही गीत त्या छंदाच्या कुठल्याही चालीवर गाता येते. मराठीत ही सोय आपल्याकडे अभंगात आहे. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे असतात, त्यामुळे एका अभंगाची चाल दुसऱ्याला बसते. मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक यांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग आणि ओवी जवळ केली, त्यामागे भक्ती होतीच, पण गाणाऱ्याची सोयही त्यातून झाली. नवे शब्द ओळखीच्या चालीवर दिले की ज्येष्ठही पहिल्याच दिवशी गातात. जुने शब्द नव्या चालीवर दिले की तरुण ते वाचतात.

भाषांतरित गीतांची मात्र नीट पारख करा. परक्या चालीत जिथे सूर लांबतो तिथे मराठी शब्दाचे ऱ्हस्व अक्षर आले, किंवा जोर शब्दाच्या प्रत्ययावर पडला, की गाणाऱ्याची जीभ अडखळते आणि अर्थ हरवतो. अशी ओळ गटाला दहा वेळा घोटून बसवता येते, मंडळीला नाही. गीतकाराच्या परवानगीने ओळ बदला, नाहीतर दुसरे गीत घ्या.

पाळकांच्या तक्रारीबद्दल. ‘गाण्यात वेळ जातो’ असे पाळक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा वेळ गाण्यात गेलेला नसतो. तो दोन गीतांमधल्या बोलण्यात, तारा जुळवण्यात, पान शोधण्यात आणि ध्रुवपद सातव्यांदा म्हणण्यात गेलेला असतो. एकदा घड्याळ लावून उपासना मोजा. नेतृत्व करणाऱ्याचे मधले छोटे उपदेश कमी करा. शास्त्रवचनाची एक ओळ पुरते. आणि पाळकांकडून निदान तीन आठवडे आधी शास्त्रपाठ आणि विषय मागून घ्या. प्रवचन क्षमेवर असेल आणि त्यानंतरचे गीत युद्धाचे असेल तर उपासना दुभंगते. महिन्यातून एकदा पाळकांबरोबर बसून पुढच्या चार रविवारांची यादी पक्की करायची सवय लागली, की गैरसमज आपोआप कमी होतात. यादीवर अंतिम शब्द पाळकांचा असावा, असे मी मानते. गीत ही शिकवण आहे, आणि मंडळीच्या शिकवणीचा जाब त्यांना द्यायचा आहे.

सराव दीड तासाचा पुरे. सुरुवातीला लहानशी प्रार्थना आणि पाचसात मिनिटे गळा तयार करणे: ओठ मिटून गुणगुणणे, मग ‘आ’कारात खालून वर. मन ताजे असते तेव्हा कठीण आणि नवे गीत घ्या, म्हणजे पहिल्या अर्ध्या तासातच. शब्द आधी तालात बोलून घ्या, चाल नंतर. श्वास कुठे घ्यायचा ते प्रत्येकाने कागदावर पेन्सिलने खूण करून ठेवावे. एकाच ओळीत चौघांनी चार ठिकाणी श्वास घेतला तर ओळ भोकाभोकांची ऐकू येते. स्वर एकसारखे करण्यावर वेळ घालवा, कारण गट बेसूर वाटतो तेव्हा अनेकदा सूर बरोबर असतात आणि प्रत्येकाचा ‘ए’ किंवा ‘ओ’ वेगळा असतो. सगळे गीत पुन्हा पुन्हा पहिल्यापासून गाऊ नका. जिथे अडते त्या दोन ओळीच घ्या, संथ लयीत, मग त्यांच्या आधीची एक ओळ जोडून. शेवटी सर्वांना येणारे एखादे गीत मनसोक्त गाऊन उठा. वादकांनी निदान एकदा वेगळा सराव करावा, गायकांना ताटकळत ठेवून नव्हे.

आता माणसे. दाविदाने मंदिराच्या सेवेसाठी आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या घराण्यांना गायनवादनासाठी नेमले. १ इतिहास २५ मध्ये शिकून तरबेज झालेल्यांची संख्या २८८ दिली आहे. त्यांच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या, आणि त्यांत लहानमोठा, गुरुशिष्य असा भेद ठेवला नाही. या अध्यायातून मी दोन गोष्टी घेते. सेवा शिकावी लागते, नुसती हौस पुरत नाही. आणि पाळी ठरवताना कोणाचा मान आड येत नाही. तुमच्या गटातही पाळ्या लावा. दर रविवारी तेच गायक पुढे असतील तर ते थकतात, आणि मागच्यांना जागाच मिळत नाही. प्रत्येकाने महिन्यातून एक रविवार बाकावर बसून उपासना करावी. तिथून काय ऐकू येते आणि काय नाही, हे तिथे बसल्यावरच कळते. बारा ते पंधरा वयाच्या मुलांचा आवाज फुटतो तेव्हा त्यांना ‘थांब, नंतर ये’ सांगू नका. त्या काळात त्यांना जे चारपाच सूर लागतात त्यांतलेच काम द्या, ताल द्या, शब्दांचा पडदा सांभाळायला द्या. त्या वयात बाहेर ठेवलेली मुले सहसा परत येत नाहीत.

अंत्यविधीच्या गाण्याकडे गट सर्वांत कमी लक्ष देतो, आणि माझ्या मते तीच त्याची सर्वांत मोठी सेवा आहे. रडणारा माणूस गाऊ शकत नाही. घसा आवळतो, श्वास तुटतो. त्या दिवशी कुटुंबाचा विश्वास दुसऱ्यांनी गाऊन दाखवायचा असतो. म्हणून गटात निदान चार जण असे हवेत, जे कामाच्या दिवशीही, अर्ध्या दिवसाच्या निरोपावर येऊ शकतील. पाचसहा गीते वाद्यांशिवाय पाठ हवीत, कारण कबरस्तानात कीबोर्ड नसतो आणि वाऱ्यात कागद धरवत नाही. पट्टी नेहमीपेक्षाही खाली घ्या. तिथे आवाज दाखवायचा नसतो, धरून ठेवायचा असतो. कुटुंबाने एखादे गीत मागितले तर ते तुमच्या आवडीचे नसले तरी गा. तो मृत व्यक्तीच्या आठवणीतला धागा असतो. मात्र ते गटाला येत नसेल तर सरळ सांगा आणि त्याऐवजी त्यांच्या ओळखीचे दुसरे सुचवा. अर्धवट येणारे गीत त्या प्रसंगी मोडून पडले, तर घरच्यांना ते कायम आठवत राहते.

हक्कांविषयी थोडक्यात. उपासनेत गीत गाण्याला अनेक देशांच्या कायद्यांत सूट असते. पण शब्द छापून वाटणे, पडद्यावर दाखवण्यासाठी उतरवून घेणे, भाषांतर करणे आणि चित्रीकरण प्रसारित करणे या वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना परवानगी लागते. हक्क भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, अनेक देशांत ७०. मूळ गीत मुक्त झाले असले तरी त्याचे अलीकडचे भाषांतर किंवा संगीतरचना मुक्त असेलच असे नाही. गीतकाराचे नाव शब्दांखाली लिहायला तर कोणाची परवानगी लागत नाही, ते नेहमी लिहा.

राहिला तो बेसूर गाणारा भाऊ. पहिली गोष्ट, त्याला सगळ्यांसमोर टोकू नका आणि त्याच्या माइकचा आवाज गुपचूप बंदही करू नका. हे त्याला आज ना उद्या कळतेच, आणि मग तो गट आणि कधीकधी मंडळीही सोडतो. सूर अजिबातच ओळखू न येणारी माणसे खरोखर थोडी असतात. बहुतेकांची अडचण वेगळी असते: गीत त्यांच्या आवाजाच्या बाहेर असते, किंवा त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसतो, किंवा सूर मिळवणे त्यांना कोणी शिकवलेलेच नसते. त्याला एकट्याला वीस मिनिटे बोलवा. तुम्ही सूर देऊन ‘हा लाव’ म्हणू नका. त्याला सहज येईल तो सूर काढू द्या, आणि तुम्ही तो सूर धरा. दोन आवाज जुळल्यावर कसे वाटते हे त्याला एकदा कळू द्या, मग तिथून दोघांनी मिळून एकेक सूर वर जा. आठवड्यातून दोनदा असे काही महिने केले तर पुष्कळांचा सूर स्थिर होतो. तोवर गटात त्याला दोन पक्क्या आवाजांच्या मध्ये, माइकपासून दूर उभे करा. एवढे करूनही जमले नाही तर घरी जाऊन, समोरासमोर, प्रेमाने खरे सांगा: मंडळीत बसून तू जोरात गा, तिथे आम्हाला तुझी गरज आहे, आणि पुढे उभे राहण्याऐवजी हे दुसरे काम तू करशील का? ते दुसरे काम आधी ठरवून मगच जा. गीतांची वही ठेवणे, नव्या लोकांना गीतांचे पुस्तक देऊन पान काढून देणे, सरावाचे निरोप पोहोचवणे, यांतले जे त्याच्या स्वभावाला जुळेल ते. नुसता नकार घेऊन त्याच्या दारात जाऊ नका.